होकार, नकार आणि मधला संशय

विद्यार्थिमित्रहो, खापरखेड्याचें १३४० मेगावॅटचें वीजकेंद्र सर्वांस ठाऊक आहे. परंतु बोटाच्या पेराएवढ्या व्होल्टेज रेग्युलेटर चिपची शिस्तही विचारार्ह आहे. एलएम २५९६ ह्या चिपच्या चालू-बंद पिनवर विद्युद्दाब ०.६ व्होल्टच्या आंत असतां ती निश्चित चालते. २ व्होल्टच्या वर निश्चित थांबते. पुष्कळ चिपांत हा संकेत उलटही असतो. माहितीपत्रकांतील १.३ व्होल्ट हा आंकडा केवळ सर्वसाधारण होय. त्याच्या आसपास एक चिप चालेल, दुसरी थांबेल. म्हणून प्रयोग एकदां साधला एवढ्यावर संतुष्ट होऊं नये. निर्मात्यानें हमी दिलेल्या मर्यादा वाचूनच जोडणी करावी. पालकहो, परीक्षेंतील गुणांपेक्षां ही संवय मुलांस अधिक उपकारक ठरेल, असें आमचें नम्र मत आहे.