जेवलास का? आणि ब्रश केलास का?

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा होस्टेलवरून घरी येतो. गप्पांच्या ओघात सहज सांगून टाकतो, ‘‘ब्रश करताना रक्त येतं, म्हणून त्या बाजूला घासतच नाही.’’ आईच्या काळजात धस्स होतं.

कॉलेजच्या मुलामुलींच्या अनेक पाहण्यांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. दिवसातून दोनदा ब्रश करण्यात मुली मुलांपेक्षा पुढे असतात. मुलं बहुधा दाढ ठणकू लागली की मगच डेंटिस्टकडे जातात. पण म्हणून मुलींनी निश्चिंत राहू नये. दात पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून जोरजोरात घासल्याने हिरड्या मागे सरकतात. शिवाय पाळीच्या आधी काहींच्या हिरड्या सुजतात.

रक्त आलं तर?

घासणं थांबवू नका. दातांवर साचलेल्या चिकट थरामुळे हिरड्यांना सूज येते आणि रक्त येतं. मऊ ब्रशने तो भाग हळुवार स्वच्छ करत राहा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डेंटिस्टला दाखवा. हा थर कडक झाला की ब्रशने निघत नाही, दात साफ करून घ्यावे लागतात. त्याने दात हलू लागतात हा निव्वळ गैरसमज आहे. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे त्यांचा आजार लपून राहतो, हेही लक्षात ठेवा.

रात्रीचा ब्रश टाळू नका

झोपेत लाळ कमी सुटते. परीक्षेच्या दिवसांत मध्यरात्री खाल्लेल्या बिस्किटांचे कण दातांत तसेच राहतात आणि कीड लागते.

हे करून पाहा

• फ्लोराइडयुक्त पेस्ट, वाटाण्याएवढी. २ मिनिटं ब्रश करा.
• नंतर फेस थुंका, खूप चुळा भरू नका.
• दातांच्या फटींसाठी रोज फ्लॉस वापरा.
• कोल्ड्रिंक किंवा लिंबू सरबतानंतर अर्धा तास थांबून ब्रश करा.
• ब्रश ३-४ महिन्यांनी बदला. ओला ब्रश बंद डबीत ठेवू नका.
• १७ ते २५ या वयात अक्कलदाढ येते. तिथे दुखलं, सूज आली तर अंगावर काढू नका.

खर्चाची चिंता असेल तर सरकारी दंत महाविद्यालयात कमी पैशांत उपचार होतात.

रात्री फोनवर आई ‘जेवलास का?’ विचारतेच. आता त्यापुढे आणखी एक प्रश्न जोडायला हरकत नाही.