आस मोजणारा हात कोणाचा?

मासेमारीच्या जाळ्याचा आस किती मिलिमीटरचा असावा, याविषयी सरकारदरबारी आणि परिषदांतून पुष्कळ बोलले जाते. तो मोजायचा कसा, हा प्रश्न मात्र कारकुनी ठरवून बाजूस सारला जातो. वस्तुतः दंड होतो की सुटका, हे ठरते ते या दुसऱ्याच प्रश्नावर.

युरोपचा दाखला घ्यावा. तेथील निरीक्षक वर्षानुवर्षे दोन मिलिमीटर जाडीची निमुळती पट्टी पाचरीसारखी आसात हाताने खुपसत, आणि ती जेथे अडेल तेथला आकडा नोंदवीत. पण सूत ताणले जाते! पैलवानी मनगटाने कायदेशीर ठरविलेला आस हलक्या हाताखाली गुन्हा ठरणार. बोटीच्या कप्तानाने हरकत घेतलीच, तर पट्टीला वजन टांगण्याची सोय २००३ च्या नियमात होती : ३५ मि.मी.पर्यंतच्या आसाला २ किलो, त्यापुढे ५ किलो. म्हणजे भांडणाऱ्यालाच न्याय.

२००८ च्या ५१७ क्रमांकाच्या नियमाने ही हातघाई मोडीत काढली. विजेवर चालणारे यंत्र आपले दोन जबडे आसात उघडते आणि ठरावीक बळानेच तो ताणते. ओढून चालविण्याच्या जाळ्यांत ५५ मि.मी. व त्यावरील आसाला १२५ न्यूटन, म्हणजे सुमारे पावणेतेरा किलोंचा ताण. जाळे ओले हवे, गोठलेले नको. ओळीने वीस आस मोजून सरासरी काढावी, हेही लिहिलेले. ही सुधारणा स्वागतार्हच आहे. पण यंत्र राहते निरीक्षकाच्या पेटीत. ज्याच्यावर खटला व्हायचा, त्याला बंदर सोडण्यापूर्वी आपले जाळे त्याच ताणाखाली तपासून पाहण्याची वाट कोणती, याचा विचार करण्याची गरज तज्ज्ञांना वाटत नाही. तज्ज्ञ बोटीवर राबत नाहीत, हे त्याचे कारण असावे.

महाराष्ट्राचा सागरी मासेमारी कायदा १९८१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने त्यातील दंड लाखांच्या घरात नेले. ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीला ४० मि.मी.चा चौकोनी आस हवा, हा आग्रह योग्यच. शंकरपाळ्यासारखा आस ओढताना मिटतो आणि पिल्ले आत कोंडली जातात. चौकोनी आस उघडा राहतो. ही पिल्ले भुकटीच्या कारखान्यांत जातात, आणि उद्याच्या मासळीवाचून उपाशी राहतो तो किनाऱ्यालगतचा छोटा मच्छीमार. आसाच्या नियमाला जुलूम म्हणणारे बडे बोटमालक त्याचे कैवारी नव्हेत.

पण चाळीस म्हणजे काय? ताणलेल्या आसातले दोन समोरासमोरच्या गाठींमधले अंतर, की चौकोनाची बाजू? पहिल्या अर्थाने बाजू विसाची, दुसऱ्या अर्थाने चाळिसाची. एवढी फट जेथे राहील तेथे वजनदार मालक आपला अर्थ अधिकाऱ्याकडून मान्य करून घेईल, आणि गरीब तांडेलाच्या माथी दुसरा मारला जाईल.

म्हणून ताण, ओलेपणा, आसांची संख्या आणि मापाची दिशा ही सोप्या मराठीत, आकृतीसह, प्रत्येक बंदरावर लावली पाहिजेत. ससून डॉक असो, हर्णै असो की मिरकरवाडा, लिलावाच्या जागेशेजारी तपासलेले मापयंत्र कोणालाही वापरता येईल असे हवे. आणि दंडाची पावती फाडण्यापूर्वी वीसही आसांचे आकडे लिहून त्याखाली तांडेलाची सही घेतली जावी. त्याची हरकत असेल तर तीही तेथेच नोंदली जावी.