तलाव कागदावर, पोरे खाणीत!

शाळांना उन्हाळ्याची सुटी लागली की गावोगावची पोरे पाण्याच्या शोधात निघतात. ज्यांच्या शेतात विहीर आहे ती पाठीला भोपळा बांधून विहिरीत उतरतात. ज्यांना शेतही नाही आणि विहीरही नाही ती दगड काढून टाकून दिलेली, पावसाच्या पाण्याने भरलेली खाण गाठतात. तिला ना काठ, ना पायरी, ना तळाचा अंदाज. मग एके दिवशी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी छापून येतात. पोलीस पंचनामा करतात, नगरपिते शोक प्रकट करतात आणि खाणीवर ‘येथे पोहू नये’ अशी पाटी लागते. कोठे पोहावे हे सांगणारी पाटी मात्र कोणीच लावीत नाही; कारण तिने ज्या सार्वजनिक तलावाकडे बोट दाखवावयाचे, तो तलाव अद्याप ठरावाच्या बुकातच आहे!

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे 2021 साली जगात सुमारे 3 लाख माणसे बुडून मेली. 5 ते 14 वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंत बुडणे हे तिसऱ्या क्रमांकाचे कारण आहे. शाळकरी मुलांस पोहणे शिकवा, हा या संघटनेने सांगितलेल्या उपायांपैकी एक. शिकवावयाचे तर उथळ, स्वच्छ आणि राखणदार असलेले पाणी हवे. म्हणजे पोहण्याचा तलाव ही चैनीची वस्तू नव्हे. ती शाळेच्या आणि दवाखान्याच्या पंक्तीत बसणारी गोष्ट आहे.

तरीही ज्या ज्या गावी हे घोंगडे भिजत पडले आहे, तेथे तीच ठरावीक उत्तरे मिळतात. पिण्यालाच पाणी नाही, पोहण्याला कोठून आणावे? हा प्रश्न ऐकावयास मोठा कळवळ्याचा वाटतो. पण हिशेब करून पाहा. 25 मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल अशा तलावात सुमारे 4 लाख लिटर पाणी मावते. म्हणजे 10 हजार लिटरचे 40 टँकर. तेही रोज नव्हे. तलावाचे पाणी गाळून, जंतुनाशक घालून पुन्हा तलावातच सोडतात. बाष्पीभवनात आणि गाळणी धुण्यात जाईल तेवढीच भर घालावी लागते. उलट ज्या पुढाऱ्यांस पाण्याची एवढी चिंता, तेच भाषणात ‘ऑलिंपिक दर्जाच्या’ तलावाखाली उतरावयास तयार नसतात! त्याला 25 लाख लिटर पाणी लागते, कितीतरी अधिक पैसा लागतो आणि म्हणूनच तो कधी होत नाही. भव्य योजनेचा एक फायदा असा की, ती न होण्याचा दोष कोणावरच येत नाही.

दुसरे उत्तर पैशाचे. 1936 साली अमेरिका महामंदीत होरपळत होती, लाखो माणसे बेकार होती. त्याच साली एका उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहराने अकरा प्रचंड सार्वजनिक तलाव लोकांस खुले केले. एकेकास सुमारे दहा लाख डॉलर खर्च आला. बेकारांस काम देणाऱ्या सरकारी योजनेतील मजुरांनी ते बांधले. त्यांतील ब्रुकलिनच्या मॅकॅरन पार्कमधला तलाव एका वेळी 6,800 माणसांना पुरे, एवढा मोठा.

पण याच तलावाची पुढची कथा आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. 1980 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच तो दुरुस्तीसाठी बंद झाला. दुरुस्तीचा बेत ठरला, तेव्हा शेजारच्याच काही रहिवाशांनी विरोध केला. बाहेरच्या वस्त्यांतली, वेगळ्या वर्णाची पोरे येथे येतात, ती त्यांना नको होती. मग शहराने काय केले? तलाव पाडला नाही आणि दुरुस्तही केला नाही. तो कोरडा पडून राहिला; मधल्या काळात त्यात गाण्याचे जलसेही झाले. वस्ती बदलली, श्रीमंत झाली, तेव्हा 2007 साली 5 कोटी डॉलर मंजूर झाले आणि जून 2012 मध्ये तेथे पुन्हा पाणी आले. जो बांधला मंदीत, तो उघडावयास समृद्धीत पाव शतकाहून अधिक काळ लागला! अडचण तिजोरीत होती की मनात?

त्याच देशातील जॅक्सन शहराने तर मुखवटाही ठेवला नाही. न्यायालयाने भेदभाव बेकायदा ठरविताच, काळ्या-गोऱ्यांना एकत्र पोहू देण्याऐवजी त्या शहराने आपले चार तलाव बंद केले आणि भाड्याचा पाचवा मालकास परत केला. 1971 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हे चालवून घेतले. कोणालाच पाणी नाही, म्हणजे अन्याय कोणावरच नाही, असा हा न्याय!

आणि अमेरिकेला हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. महाडच्या नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे अस्पृश्यांस खुले असल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावर राहिला; म्हणून 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो अनुयायांसह तेथे जाऊन पाणी प्यावे लागले. नगरपालिकेने पुढे तो ठरावही फिरविला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागावयास 1937 साल उजाडले.

म्हणून आम्हांस संशय येतो. ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांची मुले वर्गणीच्या क्लबात शिकवण्या लावून पोहतात. सार्वजनिक तलावात हमालाचा, विणकराचा, सफाई कामगाराचा मुलगा त्यांच्या मुलाच्या शेजारी सूर मारील. मुलींसाठी वेळ राखावी लागेल, राखणदारास पगार द्यावा लागेल आणि तिकीट चार आण्यांच्या बेताचे ठेवावे लागेल. ‘नको’ म्हणण्याचे धैर्य नाही, ‘होय’ म्हणण्याची इच्छा नाही. मग ‘विचाराधीन’ हा शब्द फार सोयीचा पडतो.

नागरिकांनी आता अर्ज-विनंत्या पुरे कराव्यात. पुढच्या सर्वसाधारण सभेपूर्वी प्रत्येक प्रभागातून आपल्या नगरसेवकाच्या दारी जावे आणि तीनच गोष्टी लेखी मागाव्यात: जागेचा सर्व्हे नंबर, 25 मीटरच्या तलावाचा खर्चाचा अंदाज आणि निविदा उघडण्याची तारीख. उत्तर न देणाऱ्यांची नावे सभागृहाच्या दारावर लावावीत. आणि ती यादी पावसाळ्यात खाणी भरण्यापूर्वी लागली पाहिजे.