कॅम घासून ताकद वाढत नाही

"कॅम घासून देतो, ट्रॅक्टर दुप्पट ओढेल" असं कुणी म्हणालं की मी हात जोडतो.

कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरते आणि व्हॉल्व कधी व किती उघडायचा ते ठरवते. लोबचं टोक झिजलं की व्हॉल्व कमी उघडतो, हवा अपुरी पडते, काळा धूर निघतो. एअर फिल्टर साफ असूनही हे होत असेल, तर मिस्त्री पंपाचं डिझेल वाढवतो. अहो, हवाच नाही तर जादा डिझेल जळणार कसं?

नीट घासताना लोबचा गोल भागही उतरवतात, तेव्हा मूळची उचल परत मिळते. नुसतं टोक गुळगुळीत केलं तर उचल आणखी घटते. वरचा कडक थर गेला तर लोब भराभर झिजतो. रेसिंगचा कॅम जास्त फेऱ्यांवर जोर देतो. नांगराला जोर लागतो कमी फेऱ्यांवर!

म्हणून घासण्याआधी आणि नंतर प्रत्येक लोबची उचल मोजून घ्या. टॅपेट नवे टाका, क्लिअरन्स लावून घ्या. जो मोजून दाखवत नाही, त्याला कॅम देऊच नका.