व्हय महाराजा! पण पोच खंय आसा?

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या वाड्यावाड्यांतल्या गाववाल्यांनो, आणि चतुर्थीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांनो,

गाऱ्हाणं कसं घालावं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. हातात नारळ घेऊन गावकर उभा राहतो, देवाचं नाव घेतो, कुणाचं काय अडलंय ते सांगतो, काय करून हवंय ते मागतो, आणि पाठीमागून सगळी वाडी ‘व्हय महाराजा’ म्हणते. चांगल्या तक्रारअर्जात याहून वेगळं काही नसतं. कुणाला, कोण, काय झालं, काय हवं, आणि मागे उभी चार माणसं. वीज ग्राहकांच्या तक्रारींसाठी कायद्याने जो मंच नेमला, त्याचं नावसुद्धा कित्येक वर्षं ‘ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच’ असंच होतं. पण देवापुढे इतकं मुद्देसूद बोलणारा आपला माणूस बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या खिडकीशी गेला की त्याची वाचा बसते. समोरचा ‘बघतो’ म्हणतो, हा मान डोलावतो, आणि बाजारात येऊन दीड तास त्याच प्रकरणाची गजाल रंगवतो. शेवट ठरलेला असतो : जांवदे, मरांदे!

मी पोस्टात चौतीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो. रजिस्टर ए.डी. कोण कुणाला करतो हे मला तोंडपाठ आहे. सामायिक फणसाचं लाकूड कुणी नेलं, पाणंद कुणी अडवली, पडवीचं छप्पर कुणाच्या हद्दीत उतरलं, यावरून चुलतभावाने चुलतभावाला धाडलेल्या नोटिसांनी माझ्या पिशव्या भरायच्या. एखाद्या कंपनीच्या मुख्य कार्यालयाचा पत्ता लिहिलेलं ए.डी. पाकीट मात्र क्वचितच हाती यायचं. भावकीला नोटीस आणि कंपनीला नमस्कार, हा आपला जुना रिवाज. यात मी स्वतःला वगळत नाही. आमच्या घराण्यात एका गडग्याचा दावा आजोबांनी लावला, वडिलांनी चालवला, आणि निकाल माझ्या वेळेस लागला. तोवर गडगा पावसाने केव्हाच ढासळला होता आणि त्याचे चिरे कुणी नेले याचा आता नवा वाद आहे.

त्याच घरातला मी, 2021 सालच्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर आठवडाभर काळोखात बसून कंटाळलो आणि इन्व्हर्टर घेतला. दुकानदार ओळखीचा. आपलोच माणूस! त्याच्याकडे पक्कं बिल कसलं मागायचं? बॅटरी वॉरंटीतच बसली. कंपनीच्या फोनवर मुलगी गोड आवाजात म्हणाली, बिलाचा फोटो पाठवा. माझ्याकडे होता सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलेला आकडा. जन्मभर दुसऱ्यांच्या हातात पावत्या ठेवल्या आणि स्वतःची एक मागितली नाही. त्या बॅटरीवर आता माझी बायको कुंड्या ठेवते.

हे सांगण्याचं कारण असं की कायद्यात आपल्यासाठी बरंच काही लिहून ठेवलेलं आहे. ते आपण कागद न ठेवल्यामुळे वाया घालवतो.

एटीएममधून पैसे आले नाहीत, खात्यातून मात्र वजा झाले. सीझनला पर्यटकांची झुंबड असते तेव्हा मालवणात हे होतंच. रिझर्व्ह बँकेचा 20 सप्टेंबर 2019चा आदेश सांगतो की असे पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांत खात्यात परत यायला हवेत, आणि न आल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेने ग्राहकाने न मागता जमा करायची. न मागता! गावात किती जणांना ती मिळाली ते एकमेकांना विचारून बघा. बँकेला लेखी कळवा, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला एक पैसा पडत नाही. खात्यातून भलत्यानेच पैसे काढले असतील तर मात्र पहिले तीन कामकाजाचे दिवस सोन्याचे. तेवढ्यात बँकेला कळवलं आणि चूक तुमची नसेल तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. चौथ्या दिवसापासून गणित बदलतं. पोराला फोन लागेपर्यंत थांबू नका.

विजेचं बिल ही चाकरमान्यांची खास डोकेदुखी. घराला दहा महिने कुलूप, मीटर आत, आणि बिल ‘सरासरी’. चतुर्थीला येऊन दार उघडावं तर उंबऱ्यावर आकडा बघून घाम फुटतो. मग सणात अंधार नको म्हणून मुकाट भरतो आपण. वीज कायदा 2003चं कलम 56 एकदा वाचा. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी ती ‘निषेध नोंदवून’ भरायची, आणि वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. ‘निषेध नोंदवून’ हे दोन शब्द अर्जावर लिहायला पाच सेकंद लागतात. वायरमनला चहा पाजण्यात आपण त्याहून जास्त वेळ घालवतो. (वायरमनशी माझं भांडण नाही. भर पावसात खांबावर चढणारा तोच असतो. सरासरी त्याने काढलेली नसते.)

आंबा-काजूवाल्यांचं दुखणं जरा किचकट आहे. फळपिकाचा विमा हवामानावर चालतो. तुमच्या कलमाखाली मोहोर किती गळला हे कुणी मोजत नाही, महसूल मंडळातलं हवामान केंद्र काय नोंदवतं त्यावर पैसे ठरतात. आता आपल्याकडे एका मंडळात सड्यावरची बाग असते, खाडीकाठची असते आणि डोंगराच्या पोटातली असते. एकाच दिवशी तिघांकडे तीन तऱ्हेचं हवामान. केंद्र मात्र एकच. पैसे आले नाहीत की आपण ‘कंपनीन फसवल्यान’ म्हणतो, आले तर किती आणि कशाचे ते विचारत नाही. आपल्या मंडळाच्या केंद्राची रोजची नोंद मागून घ्या. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर मिळते, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा, तेव्हा त्यात आजोबांपासूनचा इतिहास लिहू नका. ज्या दिवशी पाऊस पडला त्या दिवशी केंद्र कोरडं दाखवत असेल तर दहा बागायतदारांनी एकत्र सही करून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या तक्रार निवारण समितीपुढे ते मांडायचं. आणि कुणी घाबरवलं की शेतकरी म्हणजे ग्राहक नव्हे, तर सांगा, बियाण्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली शेतकऱ्याला ग्राहक मानलंय. सरकारी खात्यांनाही ग्राहक कायद्यातून सुटका नाही, हे लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात 1993लाच ठरलं.

समुद्राचं काय सांगू? पर्ससीनवर निर्बंध घालणारा राज्याचा आदेश 5 फेब्रुवारी 2016चा. एलईडीच्या उजेडात मासेमारी करायला बंदी घालणारा केंद्राचा आदेश 10 नोव्हेंबर 2017चा. बंदी कागदावर आणि उजेड पाण्यावर, असं आमचे रापणकार रात्री किनाऱ्यावर उभे राहून बघतात. राज्याचा 1981चा मासेमारी कायदा 2021 साली कडक झाला, कारवाईचा निर्णय तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आला. मच्छीमारांनी मोर्चे काढले, उपोषणं केली, त्यात कसूर नाही. फक्त प्रत्येक वेळी किती वाजता, कुठल्या खुणेच्या बाहेर, किती दिवे दिसले आणि कुणाला कळवलं याची वही मात्र ठेवली गेली नाही. अधिकारी बदलला की मागचं सगळं पुसलं जातं. वही राहिली तर नव्या साहेबापुढे पहिल्या पानापासून वाचता येते.

कुणी म्हणेल, कागदाने का कुठे सरकार हलतं? मालवणच्या राजकोट किल्ल्याचं आठवा. 4 डिसेंबर 2023ला अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024ला कोसळला, म्हणजे नऊ महिनेही उभा राहिला नाही. आणि 11 मे 2025ला त्याच जागी नवा, कितीतरी उंच पुतळा उभा होता, तोही नऊ महिन्यांच्या आतच. सगळ्या महाराष्ट्राचे डोळे लागले की यंत्रणा अशी धावते. तुमच्या सरासरी बिलाकडे महाराष्ट्राचे डोळे लागणार नाहीत. तिथे गर्दीचं काम तारखेच्या शिक्क्यालाच करावं लागतं.

ओरोसला आपला जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. कंपनी गुरगावची असो की बंगळुरूची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. 2019च्या कायद्याने दिलेली ही मोठी सोय आहे आणि ती 20 जुलै 2020पासून लागू आहे. मुदत दोन वर्षांची, मोजून. गडग्याच्या दाव्यासारखं ‘पुढच्या मे महिन्यात बघू’ इथे चालत नाही. आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून बघा, काही कंपन्या तेवढ्यानेच जाग्या होतात. दाखला, उतारा वेळेत मिळत नसेल तर 2015चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. बाईमाणसांना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. आणि उच्च न्यायालयासाठी आता मुंबई गाठायला नको. 18 ऑगस्ट 2025पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय, सिंधुदुर्ग त्यातच येतो. फोंडा घाट चढला की आपण तिथे.

खोटं बोलणार नाही. आयोगाने तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो आणि तारखा त्याहून लांबतात. आयोगांतल्या रिकाम्या खुर्च्यांची दखल सर्वोच्च न्यायालयाला 2021मध्ये स्वतःहून घ्यावी लागली होती. एकेकटा माणूस अशा वेळी दुसऱ्याच तारखेला कंटाळतो. कंपनी त्याच्या कंटाळ्यावरच बसलेली असते. म्हणून हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे, वाडीचं आहे.

आता मागणं. या चतुर्थीत, बाप्पा घरात असेपर्यंत, एका संध्याकाळी भजनाच्या आधी एक तास वाडीतल्या एका घरी बसायचं. आपले चाकरमानी बँकांत, विम्यात, कोर्टांत, पालिकेत जन्म काढून निवृत्त झालेले आहेत. मुंबईत ज्यांच्या टेबलावर अर्जांचा ढीग असायचा, तेच इथे येऊन पत्ते पिसत बसतात. नानांनू, अण्णांनू, काकांनू, एक तास द्या. तुम्हाला ठाऊक आहे की कुठला अर्ज वरच्या साहेबाकडे जातो आणि कुठला कपाटामागे पडतो. कॉलेजातली पोरं मोबाईलवर ‘ई-जागृती’ या ग्राहक आयोगाच्या पोर्टलवर तक्रार भरतील. बचतगटाच्या बायकांनी हिशेबाची वही सांभाळावी. वाडीत वहीला सगळ्यात जपणाऱ्या त्याच आहेत, हे त्यांच्या नवऱ्यांनीही कबूल करावं. वहीत चार रकाने : तारीख, कुणाला दिलं, पोच क्रमांक, पुढची तारीख. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ती वही मोठ्याने वाचायची आणि इतिवृत्तात लिहून घ्यायची.

मी भजनात तबला वाजवू शकत नाही, पण पाकिटावर पत्ता बरोबर लिहितो. 2025 सालापासून जुनं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळून टाकलंय, मला ते आवडलेलं नाही, तरी पाठवल्याची पावती आणि पोहोचल्याची खूण त्यातही मिळते. आमच्या वाडीत आम्ही गौरी जेवायच्या आदल्या दिवशी चार वाजता बसणार. येताना बिलं, पावत्या, विम्याचे कागद, पासबुक जे असेल ते घेऊन या, फाटकं असलं तरी चालेल. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढून आणा, कारण सणात लाईट कधी जाईल सांगता येत नाही.