अंगावरचे यंत्र, ओठांवरची इंग्रजी

वाराणसीच्या बालाजी घाटाशी मराठी मनाचे नाते जुने आहे. पेशव्यांच्या नावाशी निगडित असलेला हा घाट आणि त्याच्या शेजारचा पंचगंगा, दुर्गा व ब्रह्मा घाटांचा परिसर येथे अनेक मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या नांदली. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि देवापुढे संस्कृत अशा तीन भाषा येथील माणूस सहज वागवीत आला. चौथी भाषा इंग्रजी. परदेशी पाहुण्यांशी भाड्याची बोलणी करणारा नावाडी ती बेधडक बोलतो. पदवीधर मात्र वाक्य मनातल्या मनात तीनदा तपासतो आणि अखेर गप्प बसतो. नावाड्याला व्याकरणाची चूक परवडते, गिऱ्हाईक गमावणे परवडत नाही. पदवीधराचे नेमके उलटे असते.

याच गंगाकाठी, नमो घाटावर, १७ डिसेंबर २०२३ रोजी काशी तमिळ संगमम् या उपक्रमाच्या उद्घाटनप्रसंगी पंतप्रधानांचे हिंदी भाषण तमिळ श्रोत्यांना इअरफोनद्वारे त्यांच्या भाषेत ऐकविण्यात आले. अनुवाद करणारा कोणी दुभाषा नव्हता. ते काम कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या 'भाषिणी'चे होते. कानात अडकविण्याइतक्या छोट्या साधनाने भाषेची भिंत ओलांडता येत असेल, तर इंग्रजी शिकण्याचा खटाटोप हवा कशाला, असा प्रश्न साहजिकच पुढे येतो.

त्याचे उत्तर बालाजी घाटावरच मिळते. येथील बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे शहनाईचा रियाज केला. सूर कानाने ऐकावा लागतो हे खरे. परंतु तो उमटतो स्वतःच्या श्वासातून. भाषेचेही तसेच आहे. यंत्र अर्थ कानापर्यंत पोहोचवील. शब्द ओठांवर आणण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.

म्हणून यंत्राला शत्रू मानावे असे नाही. उलट त्याची थोडी थट्टा करावी, म्हणजे तेच उत्तम शिक्षक ठरते. जपानमधील केंजी कावाकामी यांनी 'चिंदोगू' नावाचा गमतीदार प्रकार जगापुढे आणला. जी वस्तू काम तर करते, पण वापरताना माणूस हास्यास्पद दिसतो, ती चिंदोगू. सर्दीने सतत वाहणाऱ्या नाकासाठी डोक्यावर कागदाची गुंडाळी बसविलेली टोपी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. अशी अंगावर वागविण्याची वस्तू कल्पावी आणि तिचे वर्णन तीन-चार सोप्या इंग्रजी वाक्यांत करावे, एवढाच हा अभ्यास.

समजा, एक मनगटी घड्याळ आहे. खात्यातून पैसे गेले की ते रडते आणि जमा झाले की शहनाई वाजविते. 'माय वॉच क्राइज व्हेन मनी इज डेबिटेड. इट प्लेज शहनाई व्हेन मनी इज क्रेडिटेड.' या दोन वाक्यांत वर्तमानकाळही आला आणि बँकेचे दोन शब्दही जन्मभरासाठी पाठ झाले. दुसरी कल्पना अंगठीची. ओटीपी कोणाला सांगण्यासाठी तोंड उघडताच ती बोटाला चिमटा काढते: 'डू नॉट शेअर युवर ओटीपी!' तिसरी कल्पना उपरण्याची. फोनवरील गोडबोल्याने घाई केली की ते खांद्यावरून म्हणते, 'वेट. आस्क युवर ब्रँच फर्स्ट.' आज्ञार्थाचा याहून उपयुक्त धडा कोणता?

हा पोरखेळ आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या शिस्तीचे मोल आजही कमी झालेले नाही. परंतु प्रौढ माणसाची अडचण बहुधा नियमांच्या अज्ञानाची नसून लाजेची असते. वस्तूच मुळात हास्यास्पद असेल, तर लोक हसतात ते वस्तूला. बोलणाऱ्याची चूक त्या हशात विरून जाते आणि जीभ मोकळी होते.

येथे प्रश्न केवळ ऐटीचा नाही. मोबाइलवर आलेल्या इंग्रजी संदेशातील एका शब्दाचा अर्थ न कळल्याने आयुष्यभराची पुंजी धोक्यात येऊ शकते. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच द्यावा लागत नाही, हे ज्याला ठाऊक आहे आणि पडद्यावरील 'पे' व 'रिसीव्ह' यांतला भेद जो ओळखतो, त्याला फसविणे सोपे नसते. ग्राहकाला त्याच्या भाषेत समजावून सांगणे हे बँकेचे कर्तव्य आहेच. तथापि रात्री दहा वाजता फोन वाजतो तेव्हा शाखा बंद असते आणि शेजारी कोणी अधिकारी नसतो. त्या वेळी उपयोगी पडतात ते स्वतःला येणारे चार शब्द.

आजी-आजोबांनी आणि नातवंडांनी मिळून रोज एक हास्यास्पद वस्तू शोधावी आणि इंग्रजीत तिची जाहिरात करावी. मराठी घरात मराठी राहीलच. ओसरीवर इंग्रजीलाही हसतखेळत बसता येईल.