गूगलवर आहे की सगळं!

परवा रविवारी जेवणं आटोपून जरा आडवी होणार, तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन. "ताई, याचा प्रकल्प उद्या द्यायचाय. बघतेस का जरा?"

हा म्हणजे आमचे भाचेराव. इयत्ता नववी. विषय : कोयनेचा भूकंप.

प्रकल्प तयारच होता. बारा पानं, रंगीत प्रिंट, स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक कव्हर. बघूनच गुण द्यावेत असा! मी वाचायला घेतला आणि झोप उडाली. तिसऱ्या पानावर भूकंपाची तीव्रता ६.३, सातव्या पानावर ६.६. एकाच प्रकल्पात एकच भूकंप दोन आकड्यांचा.

"अरे, यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही गूगलवर होतं, मावशी."

मग त्याने हुशारी करून मोबाईलवरच्या एआयला विचारलं. त्याने तिसराच आकडा सांगितला, ६.५. तोही असा ठणकावून की जणू त्या रात्री स्वतः कोयनानगरला मुक्कामाला होता.

"शाळेत ग्रंथालय नाही का रे?"

"आहे ना. पण तो तास गणिताच्या सरांना देतात."

बास. हे वाक्य दोन दिवस डोक्यात फिरतंय, म्हणून आज लिहायला बसले. नेहमीप्रमाणे जरा चिडून लिहितेय, सांभाळून घ्या.

आधी प्रकल्पाचं काय झालं ते सांगते. आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत बसलो. सुरुवात मराठी विश्वकोशापासून. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी सुरू केलेलं हे काम, पहिला खंड १९७६ साली आला, आणि आज वीसही खंड इंटरनेटवर फुकट वाचता येतात. भाचेरावांना हे ठाऊकच नव्हतं. (त्याच्या आईलाही नव्हतं, पण ते इथे लिहीत नाही. लिहिलं वाटतं!) मग 'करंट सायन्स' या नियतकालिकाचे जुने अंक, मग 'शोधगंगा', जिथे देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध ठेवलेत. तेही कुणालाही खुले.

आणि मग गंमत सुरू झाली. शिवाजीसागरात पाणी साठवायला १९६२ साली सुरुवात झाली आणि त्यानंतर त्या भागात धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे मोठा भूकंप झाला, सुमारे १८० माणसं गेली. धरणाच्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो का, या प्रश्नासाठी जगभरचे शास्त्रज्ञ आजही कोयनेचं नाव घेतात. कराडला त्यासाठी खास प्रयोगशाळा आहे आणि कोयनेच्या परिसरात जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडून अभ्यास केलाय. आकडे वेगळे का, तेही कळलं. तीव्रता मोजायच्या पद्धती एकापेक्षा जास्त आहेत. कुठल्या पद्धतीने मोजलंय ते न सांगता नुसता आकडा उचलला की असा घोळ होतो.

भाचेराव म्हणाले, "म्हणजे दोन्ही बरोबर?" मी म्हटलं, "कुणी मोजलं आणि कसं मोजलं ते सांगितलंस, तर बरोबर. नाहीतर दोन्ही नुसते आकडे."

मग तो स्वतःहून उठला आणि आजीला फोन लावला. आई तेव्हा साताऱ्यात होती. फळीवरची भांडी कशी धडाधडा पडली आणि सगळी आळी पहाटेच्या थंडीत अंगणात कशी बसून होती, ते तिने त्याला सांगितलं. तेही प्रकल्पात आलं, खाली आजीचं नाव आणि फोनची तारीख लिहून. मला विचाराल तर प्रकल्पातलं सगळ्यात चांगलं पान ते.

आता मुद्दा. हे सगळं शिकवायला रविवारी दुपारी मावशी का लागावी? ज्याला अशी रिकामटेकडी मावशी नाही त्याने काय करायचं?

या विषयावर कुणाशीही बोला, ठरलेली उत्तरं मिळतात. एकेक घेते.

पहिलं, "गूगलवर आहे की सगळं." आहे ना. रद्दीच्या दुकानातही सगळं असतं. शोधयंत्र तुम्हाला पान आणून देतं. ते कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कुणी तपासलं, ही उठाठेव तुमची. विश्वकोशात किंवा शोधनिबंधांच्या संग्रहात लेखाबरोबर लेखकाचं नाव असतं, साल असतं, कुठल्या आधारावर लिहिलं ते असतं. पहिल्या खंडातली नोंद १९७६ सालची असेल तर नंतरचं त्यात नसणार, हे मुलाला कळायला हवं. (म्हणून तर विश्वकोशाची ज्ञानमंडळं आता नव्या नोंदी लिहितायत.) साल बघायची सवय ही अर्धी अक्कल आहे.

दुसरं, "आता एआय आहे." मग तर ही सवय दुप्पट हवी! पूर्वी मुलं चुकीचं पान उतरवायची, निदान पानाला पत्ता तरी असायचा. आता बिनपत्त्याचं उत्तर येतं, तेही शुद्ध मराठीत.

तिसरं, "हे डेटाबेस महाग असतात." काही असतात, कबूल. सरकारने २०२४च्या नोव्हेंबरमध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, जवळजवळ १३,००० नियतकालिकं, ६३०० संस्था. चांगलंच झालं. पण त्या संस्था म्हणजे विद्यापीठं, सरकारी महाविद्यालयं आणि संशोधन संस्था. शाळा त्यात नाहीत. शोधायचं कसं ते शाळेत कुणी शिकवलं नाही, तर अठराव्या वर्षी त्या १३,००० नियतकालिकांपुढे बसून मुलं काय करणार? गूगलच उघडणार.

माझी चुलत बहीण ओहायोत असते. तिथे इन्फोहायो नावाचं राज्याचं डिजिटल ग्रंथालय आहे, शाळकरी मुलांना फुकट. तिची आठवीतली मुलगी सहज विचारते, "मावशी, तुझा सोर्स कुठला?" (आगाऊ आहे, पण प्रश्न बरोबर असतो.) तिथलं सगळं छान आणि आपलं वाईट असं रडगाणं मला गायचं नाही. आपल्याकडे फुकटची ताटं वाढलेली आहेत, एवढंच सांगायचंय. विश्वकोश आहे. आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८पासून सर्वांना खुलं आहे. जिल्ह्यांची गॅझेटिअर्स आहेत. मुलांना त्या पंक्तीला बसवायलाच कुणी नाही.

चौथं, "इंग्रजी शोधनिबंध पोरांना काय कळणार?" सगळा नाही कळणार. आम्हालाही नाही कळला. पण वरचा दहा ओळींचा सारांश शब्दकोश घेऊन कळला. आणि विश्वकोश तर मराठीतच आहे, त्याला काय सबब?

खरी अडचण पैशाची नाही. ग्रंथालयाचा तास वेळापत्रकात असतो आणि प्रत्यक्षात नसतो. ग्रंथपालाचं पद पटसंख्येवर ठरतं, म्हणून लहान शाळेला ग्रंथपालच मिळत नाही. जिथे आहेत तिथे त्यांच्याकडे कार्यालयातले कागद येतात. आणि पुस्तकांच्या कपाटाची किल्ली "मॅडमकडे" असते. आमच्या वेळीही ती मॅडमकडेच होती. त्या मॅडम निवृत्त झाल्या, किल्ली तिथेच आहे.

मागणी मोठी नाही. आठवड्याचा तो एक तास परत द्या. ग्रंथालयात एक चालू संगणक ठेवा. आणि प्रकल्पाच्या गुणांपैकी काही गुण फक्त एका गोष्टीला द्या : प्रत्येक माहितीखाली ती कुठून घेतली ते लिहिलंय का. बघा मग स्पायरल बाइंडिंगचा बाजार कसा बसतो ते.

भाचेरावांच्या प्रकल्पाचं काय झालं विचाराल तर, बाई म्हणाल्या, "पानं कमी आहेत. आणि चित्रं रंगीत हवी होती."

असो.

वाचणाऱ्यांमध्ये शिक्षक, ग्रंथपाल असतील तर जरूर लिहा, मी कुठे चुकत असेन तर तेही सांगा. आणि दादा, तू शाळेच्या संस्थेवर आहेस आणि हे वाचतोस हे मला माहीत आहे. दिवाळीला येतेय. किल्लीचं विचारणार आहे.